जाऊ, नणंद, व्याही, विहीण: सासरच्या नात्यांना इंग्रजीत काय म्हणावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपला मुलगा इंग्लंडमध्ये नोकरीला आहे, त्याचे लग्न तिथल्याच एका इंग्रज मुलीशी ठरले आहे, आणि त्या लग्नाला आपण उभयता, आपले थोरले दीर, जाऊबाई, नणंद आणि नणंदेचे यजमान असे सहा जण जाणार आहात. व्हिसाच्या अर्जांसोबत जोडायच्या पत्रात जाऊ आणि नणंद या दोघींच्या नावापुढे ‘सिस्टर-इन-लॉ’ आणि दीर व नणंदेचे यजमान यांच्या नावापुढे ‘ब्रदर-इन-लॉ’ असे लिहिल्यावर, कोण कोणाचे हे वाचणाऱ्याला कळणार कसे, अशी शंका आपल्याला आली. शिवाय होणाऱ्या विहीणबाईंचा उल्लेख इंग्रजीत कसा करायचा आणि समोरासमोर त्यांना काय म्हणून हाक मारायची, हेही आपण विचारले आहे. मराठी खरेदीखते, वंशावळी, मृत्युपत्रे आणि फिर्यादी इंग्रजीत आणणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्या टेबलावर सतत येतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

पहिली गोष्ट अशी की मराठीतल्या एका शब्दाला इंग्रजीतला एक शब्द शोधण्याचा आग्रह सोडावा. ‘इन-लॉ’ लावलेले शब्द चुकीचे नाहीत. जावेला सिस्टर-इन-लॉ म्हणणे इंग्रजीत पूर्णपणे रूढ आहे. पण त्या शब्दातून एवढेच कळते की ही बाई लग्नामुळे बहिणीच्या जागी आली. ती नवऱ्याची बहीण आहे, भावाची बायको आहे, बायकोची बहीण आहे की दिराची बायको आहे, हे कळत नाही. बोलताना त्याने काही बिघडत नाही. कागदावर मात्र माणसाची ओळख पटवायची असते, आणि तिथे शब्दाऐवजी नात्याची साखळी लिहावी लागते.

साखळी लिहिण्याआधी नाते कोणाच्या बाजूने सांगायचे हे ठरवा. आपल्या प्रकरणात निम्मी अडचण इथेच संपते, कारण पत्र आपल्या नावाने असण्याची गरज नाही. बोलावणारा आपला मुलगा आहे. त्याच्या बाजूने पाहिले तर आपले दीर त्याचे काका आहेत, जाऊबाई काकू, नणंद आत्या आणि नणंदेचे यजमान आत्याचे यजमान. इंग्रजीत हे चौघेही सरळ ‘अंकल’ आणि ‘आन्ट’ होतात. काकूसारखी लग्नाने आलेली व्यक्ती असली तरी तिथे ‘इन-लॉ’ लावत नाहीत. अधिक नेमके हवे असेल तर ‘पटर्नल आन्ट, माय फादर्स सिस्टर’ आणि ‘आन्ट बाय मॅरेज, वाइफ ऑफ माय फादर्स एल्डर ब्रदर’ असे लिहावे. जाऊबाई स्वतःचा अर्ज भरतील तेव्हा त्यांनी प्रवासाचे कारण ‘माय नेफ्यूज वेडिंग’ असे लिहावे, कारण नवऱ्याचा पुतण्या हाही इंग्रजीत नेफ्यूच असतो. सहाही अर्जांत नाते वराशी जोडले की ‘सिस्टर-इन-लॉ’ हा शब्द एकदाही येत नाही आणि वाचणाऱ्या अधिकाऱ्याला सहा माणसांचा एकच मध्यबिंदू दिसतो.

आपल्याच नावाने पत्र द्यायचे असेल, उदाहरणार्थ जाऊबाईंचा खर्च आपण करणार असाल तर, पहिल्या उल्लेखात नाव आणि साखळी पूर्ण लिहा: ‘वाइफ ऑफ माय हजबंड्स एल्डर ब्रदर’. नणंदेसाठी ‘माय हजबंड्स यंगर सिस्टर’, तिच्या यजमानांसाठी ‘हजबंड ऑफ माय हजबंड्स यंगर सिस्टर’. कानाला हे रुक्ष वाटेल, पण कागद कानासाठी नसतो. त्यानंतरच्या वाक्यांत फक्त नाव वापरा. ‘सिस्टर-इन-लॉ’ लिहायचेच असेल तर साखळी लिहून झाल्यावर, स्वल्पविराम देऊन लिहा.

साखळी लिहिण्याचा आणखी एक फायदा असा की तिच्यातला प्रत्येक दुवा कोणत्या कागदाने सिद्ध होतो हे आपोआप समोर येते. आपले आणि जाऊबाईंचे नाते तीन दुव्यांचे आहे: आपले लग्न, आपले यजमान व दीर यांचे भावाभावाचे नाते, आणि दीर-जावेचे लग्न. पहिल्या आणि तिसऱ्याला विवाह नोंदणी दाखला, आणि मधल्याला दोघा भावांचे जन्मदाखले किंवा शाळा सोडल्याचे दाखले, ज्यांवर आईवडिलांचे नाव एकच आहे. आपल्याकडच्या नावांची रचना इथे उपयोगी पडते, पण ती परदेशी वाचणाऱ्याला समजावून सांगावी लागते. स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा लग्नानंतर पतीचे नाव, मग आडनाव, ही पद्धत त्याला माहीत नसते. मधले नाव हे त्याच व्यक्तीचे दुसरे नाव आहे असे तो समजतो, आणि मग दोन सख्ख्या भावांचे मधले नाव एकच का, किंवा नणंदेचे मधले नाव आणि आडनाव लग्नानंतर दोन्ही का बदलले, याचा त्याला उलगडा होत नाही. पत्राच्या शेवटी दोन ओळींत ही पद्धत लिहून टाकावी. मी तशी टीप प्रत्येक वंशावळीच्या भाषांतराखाली देते.

इंग्रजीत ही नाती इतकी पुसट का, हे आपण विचारलेले नाही, तरी ते जाणून घेतले की कोणत्या नात्याला शब्द मिळेल आणि कोणत्याला मिळणार नाही, याचा अंदाज बांधता येतो. ‘इन-लॉ’ मधला ‘लॉ’ हा दिवाणी कायदा नव्हे. तो ख्रिस्ती धर्मसंस्थेचा विवाहविषयक कायदा. लग्न झाले की पत्नीचे रक्ताचे नातेवाईक त्या कायद्यापुरते पतीचेही नातेवाईक होत आणि त्यांच्याशी विवाह निषिद्ध ठरे. पत्नीची बहीण ही ‘कायद्याने बहीण’, तिची आई ‘कायद्याने आई’. पण हे नाते एवढ्यावर थांबत असे. लग्नाने जोडलेल्या नात्यातून पुन्हा लग्नाने नवे नाते निर्माण होत नाही, असे सूत्र त्या कायद्यात होते, आणि १२१५ साली भरलेल्या धर्मगुरूंच्या चौथ्या लॅटरन परिषदेनंतर तेच कायम झाले. म्हणजे पत्नीची बहीण नात्यात आली, तिचा नवरा आला नाही. नवऱ्याचा भाऊ आला, त्याची बायको आली नाही. मुलाची बायको आली, तिचे आईबाप आले नाहीत. मराठीत पाहिले तर हे अनुक्रमे साडू, जाऊ आणि व्याही-विहीण आहेत, आणि इंग्रजीत ज्यांच्यासाठी स्वतःचा शब्द नाही किंवा ओढूनताणून ‘इन-लॉ’ लावावा लागतो ती नेमकी हीच नाती आहेत. माझ्या मते ही जुळणी योगायोगाची नाही.

हा निषेध केवळ पोथीतला नव्हता. इंग्लंडमध्ये आर्चबिशप पार्कर यांनी १५६३ साली विवाहास निषिद्ध नात्यांचा तक्ता तयार केला आणि तो पुढे चर्चच्या प्रार्थनापुस्तकातही छापला जाऊ लागला. १८३५ च्या कायद्याने मृत पत्नीच्या बहिणीशी केलेला विवाह तिथे सरळ रद्दबातल ठरू लागला. तो निषेध उठवायला १९०७ साल उजाडले, आणि मृत भावाच्या विधवेशी विवाह करण्याची मुभा त्यानंतर १९२१ मध्ये मिळाली. आपल्याकडचा क्रम नेमका उलटा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या निषिद्ध नात्यांच्या यादीत भावाची पत्नी आहे, अर्थात रूढी असल्यास अपवाद धरून, पण पत्नीची बहीण त्या यादीत नाही. भाषांतराच्या दृष्टीने लक्षात घ्यायची बाब अशी की हा कायदा मूळ इंग्रजीत लिहिताना मसुदाकारांनी ‘सिस्टर-इन-लॉ’ हा शब्द वापरला नाही. त्यांनी ‘भावाची पत्नी’, ‘वडिलांच्या किंवा आईच्या भावाची पत्नी’, अशी साखळीच लिहिली. ज्यांच्या एका शब्दावर विवाह वैध की अवैध हे ठरणार होते, त्यांनी निवडलेली पद्धत आपण निर्धास्तपणे उचलावी.

जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंग्रजी पूर्वीपासून अशी गरीब नव्हती. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत नवऱ्याच्या भावासाठी ‘ताकोर’ आणि सुनेसाठी ‘स्नोरु’ असे स्वतंत्र शब्द होते, आणि ते आपल्या ‘दीर’ आणि ‘सून’ यांच्या मूळ संस्कृत रूपांचे, म्हणजे ‘देवृ’ आणि ‘स्नुषा’ यांचे, लांबचे भाऊबंद आहेत. ते शब्द मागे पडले आणि त्या सगळ्यांच्या जागी ‘इन-लॉ’ येऊन बसला. आपल्याकडे ‘यातृ’ची जाऊ झाली आणि ‘ननांदृ’ची नणंद झाली, पण एकत्र कुटुंबात त्यांचा रोज उपयोग होता म्हणून त्या टिकल्या.

न्यायालयाच्या कागदांत हा फरक किती महत्त्वाचा ठरतो, याचे एक उदाहरण देते. विवाहितेच्या छळाच्या फिर्यादीत असे वाक्य असू शकते: ‘जावेने नणंदेला हाक मारली, नणंदेने माझ्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला आणि जाऊ दार लावून उभी राहिली.’ याचे शब्दाला शब्द ठेवून इंग्रजी केले तर सिस्टर-इन-लॉने सिस्टर-इन-लॉला हाक मारली, सिस्टर-इन-लॉने मोबाइल हिसकावला आणि सिस्टर-इन-लॉ दार लावून उभी राहिली, असे होते. भारतीय दंड संहितेच्या कलम ४९८-अ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये, पती आणि पतीचे नातेवाईक यांना तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, आणि कोणत्या नातेवाइकाने नेमके काय केले हाच तिथे वादाचा मुद्दा असतो. अशा कागदात पहिल्या उल्लेखाला नाव, साखळी आणि आरोपी क्रमांक, आणि पुढे सर्वत्र फक्त नाव, ही एकच पद्धत चालते. मूळ मराठी शब्दही मी पहिल्या उल्लेखाजवळ रोमन लिपीत तिरप्या अक्षरांत ठेवते, म्हणजे उलटतपासणीत कोणी मूळ कागद मागितला तर दोन्हींचा मेळ बसतो.

मात्र सगळा संदिग्धपणा इंग्रजीच्या माथी मारणे योग्य नाही. आपला ‘मेहुणा’ पत्नीचा भाऊही असतो आणि बहिणीचा नवराही असतो. पत्नीच्या भावासाठी ‘शालक’ हा नेमका शब्द आहे खरा, पण तो लग्नपत्रिकेबाहेर क्वचितच दिसतो. ‘भाऊजी’ म्हणजे दीर की बहिणीचे यजमान, हे बोलणारे कोण यावरून ठरते. ‘चुलत सासरे’ हा तर नवख्या भाषांतरकाराला हमखास फसवणारा शब्द आहे: ते ‘कझिन’ नव्हेत, ते पती किंवा पत्नीचे काका, म्हणून ‘माय हजबंड्स पटर्नल अंकल’. मामेसासरे म्हणजे त्याच रीतीने पतीचे मामा, मावससासू म्हणजे पतीची मावशी, आणि आजेसासू म्हणजे पतीची आजी. यांना ‘अंकल-इन-लॉ’ किंवा ‘आन्ट-इन-लॉ’ म्हटले तर इंग्रज माणसाला अर्थ लागेल, पण तो स्वतः तसे म्हणणार नाही.

याहून अवघड प्रकार दुहेरी नात्याचा. महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रूढी आहे, त्यामुळे एकच माणूस मामा आणि सासरा असतो, आणि आत्याच सासू असते. जुन्या पिढीतल्या सुना सासूला ‘आत्याबाई’ आणि सासऱ्यांना ‘मामंजी’ म्हणत, त्यामागे हीच रीत आहे. म्हणून जुन्या पत्रात किंवा जबाबात ‘मामंजी’ दिसले की लगेच ‘मटर्नल अंकल’ लिहू नये. ते बहुधा ‘फादर-इन-लॉ’ असते, आणि कधीकधी दोन्ही. दोन्ही असेल तर दोन्ही लिहावे. एक गाळले तर वंशावळीत माणूस एक कमी किंवा एक जास्त होतो.

‘को-सिस्टर’ आणि ‘को-ब्रदर’ या शब्दांबद्दल मला नेहमी विचारतात. जाऊ आणि साडू यांच्यासाठी ते भारतीय इंग्रजीत, विशेषतः दक्षिणेकडे, चांगले रुळलेले आहेत आणि भारतातल्या वाचकासाठी वापरायला माझी काहीच हरकत नाही. गरज होती तिथे लोकांनी शब्द घडवला, यात वावगे काय? पण इंग्लंडमधला अधिकारी ते शब्द ओळखेलच असे नाही, म्हणून आपल्या पत्रात ते नकोत. हाच नियम ‘कझिन ब्रदर’, ‘कझिन सिस्टर’ यांनाही लावावा. ‘रिअल ब्रदर’ मात्र कुठेच लिहू नये. सख्खा भाऊ म्हणजे नुसता ‘ब्रदर’. ‘रिअल’ लावल्याने बाकीचे भाऊ खोटे आहेत की काय, अशी शंका येते.

आता व्याही-विहीण. इंग्रजीत यांना एक शब्द नाही. स्पॅनिशमध्ये ‘कोन्सुएग्रो’ आहे, यिद्दिशमध्ये ‘मखेतुनिम’ आहे आणि तो अमेरिकेतल्या ज्यू कुटुंबांच्या इंग्रजीत ऐकूही येतो, पण सर्वसाधारण इंग्रज माणूस वर्णनच करतो. लग्नाच्या दिवसापुरती मात्र उत्तम सोय आहे. त्या दिवशी आपण ‘मदर ऑफ द ग्रूम’ आणि त्या ‘मदर ऑफ द ब्राइड’. हे नुसते वर्णन राहिलेले नाही, मानाची जागा दाखवणारे रूढ शब्द आहेत, आणि आपल्याकडे मांडवात ‘विहीणबाई’ या शब्दाला जे वजन असते त्याच्या सर्वांत जवळ जाणारे शब्द हेच. लग्नानंतर ओळख करून देताना ‘माय सन्स मदर-इन-लॉ’ किंवा सुनेचे नाव घेऊन तिची आई असे म्हणावे. ‘माय इन-लॉज’ म्हणू नये, कारण त्याचा अर्थ आपले स्वतःचे सासू-सासरे आणि सासरची मंडळी असा होतो.

ही दोन घरे एकमेकांची नातेवाईक नाहीत, असे आपला कायदाही मानतो. आयकर कायद्यात ज्यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर कर लागत नाही अशा नातेवाइकांची यादी दिली आहे. पती किंवा पत्नीची भावंडे आणि त्या भावंडांचे जोडीदार त्या यादीत येतात, म्हणजे दीर, नणंद, जाऊ आणि साडू हे चौघेही बसतात. मामेसासरे बसत नाहीत, आणि व्याहीही बसत नाहीत. लग्नप्रसंगीच्या भेटींना सूट आहे, पण ती ज्याचे लग्न आहे त्याच्यापुरती. विहिणीने विहिणीला दिलेला दागिना त्या सुटीत येत नाही, आणि नातेवाइकांखेरीज इतरांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटींची ५०,००० रुपयांची मर्यादा त्याला लागू पडते.

समोरासमोरच्या हाकेचा प्रश्न यापेक्षा सोपा आहे. ‘मदर-इन-लॉ’ हा उल्लेखाचा शब्द आहे. त्याने कोणी कोणाला हाक मारत नाही. इंग्लंडमध्ये आता व्याही एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात आणि त्यात अनादर मानत नाहीत. आपल्याला लगेच तसे जमणार नसेल तर पहिल्या पत्रात ‘डिअर मिस्टर अँड मिसेस’ आणि पुढे आडनाव असे लिहा. उत्तराखाली त्या ज्या नावाने सही करतील, त्या नावाने पुढच्या वेळी हाक मारा. ती सही म्हणजेच परवानगी असते. समवयस्क इंग्रज बाईला ‘आन्टी’ म्हणणे मात्र टाळावे. सुनेने आपल्याला काय म्हणावे हे तिच्यावर सोडून न देता पहिल्या भेटीतच आपण होऊन सांगावे, कारण तिकडे असे स्पष्ट विचारणे आणि सांगणे दोन्ही शिष्टसंमत आहे. तिकडच्या अनेक सुना सासूला नावानेच हाक मारतात. ‘आई’ म्हणावे असे आपल्याला वाटत असेल तर तसे सांगा. इंग्रजी वाक्यात ‘आई’ हा शब्द अगदी सहज बसतो. जाऊबाईंसाठी ‘काकू’ आणि नणंदेसाठी ‘आत्या’ हेही तिला शिकवता येईल, म्हणजे दोघींना ‘आन्ट’ म्हणताना होणारा गोंधळही टळेल.

शेवटी लेखनाचे दोन बारकावे, कारण आपल्या मसुद्यात ते चुकले आहेत. अनेकवचनाचा प्रत्यय नात्याच्या शब्दाला लागतो, ‘लॉ’ला नाही: ‘सिस्टर्स-इन-लॉ’, ‘ब्रदर्स-इन-लॉ’. षष्ठीचा प्रत्यय मात्र शेवटी, म्हणजे ‘माय सिस्टर-इन-लॉज पासपोर्ट’. आणि तिन्ही शब्दांमध्ये जोडरेघा द्याव्यात. आपण एका ठिकाणी दिल्या आहेत, दुसऱ्या ठिकाणी नाहीत.